बाटली का फुटली? घरच्या जिंजर बिअरबद्दल सविस्तर

जिंजर बिअर म्हणजे आलं, साखर आणि पाणी आंबवून केलेल्या विरजणाने घरी तयार होणारं आल्याचं फसफसणारं पेय. त्याबद्दल नेरूळच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, यंदा तीनदा जिंजर बिअर केली आणि तिन्ही वेळा फसली. एप्रिलमध्ये आल्याचं विरजण पाच दिवस हललंच नाही, वर राखाडी बुरशी आली. जुलैत विरजणाला बुडबुडे आले, पण पेयाला तार सुटली आणि फसफस काहीच नाही. गणपतीला गावी निघताना तिसरी खेप काचेच्या चार बाटल्यांत भरून ओट्यावर ठेवली. लिटरला ८० ग्रॅम साखर होती. पाककृतीत 'सात ते दहा दिवस बाहेर ठेवा' असं लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन आला की तुमच्या घरात काहीतरी फुटलं. काल रात्री परत आलो तर दोन बाटल्यांचे तुकडे पार फ्रीजपर्यंत उडालेले. काय चुकतंय? आणि हे जमणार नसेल तर सरळ बिअरचं किट मागवू का?"

ताई, बाकी सगळं नंतर. उरलेल्या दोन बाटल्या अजून ओट्यावरच असतील तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका. पहिल्या दोन फुटल्या म्हणजे याही त्याच दाबाला पोचलेल्या असणार. घरात दुचाकीचं हेल्मेट असेल तर काच खाली करून घाला, अंगात जाड जॅकेट, हातात जाड मोजे. आधी लांबूनच बाटल्यांवर गोधडी टाका. मग गोधडीसकट एकेक बाटली उचलून फ्रीजच्या सर्वांत थंड भागात ठेवा आणि पूर्ण एक दिवस तिकडे बघू नका. दुसऱ्या दिवशी टॉवेलमध्ये गुंडाळून बेसिनमध्ये झाकण अगदी हळू सैल करा. आतलं पेय सरळ ओतून द्या. मुलं स्वयंपाकघरात नकोत. मी हे इतकं बजावून सांगतो याला कारण आहे. तळोज्याच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं काम करूनही, घरी केलेल्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातात एक बाटली फुटली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले. कारखान्यात परत आलेली प्रत्येक बाटली धुऊन दिव्यासमोरून जायची. बारीकसा तडा, तोंडाला टवका, तळाशी ओरखडा दिसला की बाजूला. घरी मात्र मी सरबताची सुंदर चौकोनी बाटली उचलली आणि भरली. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनी बाटलीत तो कोपऱ्यांवर येतो. ती बाटली दाबासाठी केलेलीच नव्हती.

आता कारण. तुमची पाककृती खोटी नाही, फक्त ती थंड देशात लिहिलेली आहे. तिथे 'बाहेर' म्हणजे १८-२० अंश. भाद्रपदात नेरूळच्या बंद फ्लॅटमध्ये, पंखे बंद, खिडक्या बंद, ३० अंश सहज असतात. यीस्टच्या, म्हणजे पेय आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवाच्या, कामाचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो. इडलीचं पीठ डिसेंबरात रात्रभर ठेवूनही जेमतेम वर येतं आणि मे महिन्यात पाच तासांत पातेल्याबाहेर जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पिठाला आपण कधी घड्याळ लावत नाही, झाकण उघडून बघतो. बाटलीचं झाकण मात्र उघडून बघता येत नाही, म्हणून आपण दिवस मोजतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. मोजायची असते ती साखर.

हिशेब सोपा आहे. यीस्ट साखर खातं तेव्हा जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड आणि निम्म्याहून थोडा जास्त मद्यार्क तयार होतो. एक लिटर पेयात ४ ग्रॅम साखर संपली की सुमारे २ ग्रॅम वायू होतो. एवढा वायू मोकळा सोडला तर एक लिटर जागा व्यापेल, म्हणून धंद्यात याला 'एक व्हॉल्यूम' म्हणतात. बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम असतात, बाजारच्या सोड्यात साडेतीन-चार. म्हणजे चांगल्या फसफशीसाठी लिटरमागे १० ग्रॅम साखर संपली की काम झालं. तुमच्या पेयात ८० ग्रॅम होती. ती सगळी संपली असती तर २० व्हॉल्यूम झाले असते. एवढा वायू धरून ठेवणारी बाटली बाजारात मिळत नाही. तुमच्या बाटल्या निम्म्या वाटेवर पोचायच्या आतच फुटल्या.

यात उष्णता दुहेरी काम करते. एक तर वायू भराभर तयार होतो. दुसरं म्हणजे कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो, त्यामुळे तो पाण्यात न राहता झाकणाला ढुशा देतो. अडीच व्हॉल्यूमची तीच बाटली ३० अंशांना बाहेर असेल तर आत वातावरणापेक्षा सुमारे २.७ पट जादा दाब असतो, आणि फ्रीजमध्ये ४ अंशांना फक्त ०.७ पट. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. ओट्यावरची बाटली उघडली की अर्धं पेय छताला आणि तीच बाटली रात्रभर गार करून उघडली की शांत, याचं कारण हेच. म्हणून बाटली नेहमी किमान बारा तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडायची. तासाभराची गारवणी पुरत नाही. काच गार लागते, आतलं पेय कोमटच असतं.

मग साखर किती संपली हे घरी कसं कळणार? माझ्याकडे दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही एकदम वापरतो.

पहिला उपाय सोड्याच्या प्लास्टिक बाटलीचा. कोल्ड्रिंकची अर्धा लिटरची बाटली दाबासाठीच बनवलेली असते. पेय भरताना वर दोन बोटं जागा सोडायची, बाटली किंचित दाबून हवा बाहेर काढायची आणि मग झाकण घट्ट लावायचं. सुरुवातीला ती मऊ असते. हळूहळू फुगून सरळ होते, मग कडक. दुकानातून आणलेली न उघडलेली सोड्याची बाटली शेजारी ठेवा आणि दोन्ही अंगठ्याने दाबून बघा. आपली बाटली तिच्या थोडीशी अलीकडे, म्हणजे जोर लावला तर जरा दबते अशी झाली की लगेच फ्रीज. सकाळ-दुपार-संध्याकाळ तपासायचं. ठाण्यात मे महिन्यात मला कधी १८ तास लागतात, पावसाळ्यात दीड दिवस, डिसेंबर-जानेवारीत चार दिवसही. दरवेळी नवी बाटली घ्या, झाकण नीट बसतं का पाहा. पहिलं वर्षभर काच वापरूच नका असं मी सगळ्यांना सांगतो. आग्रहच समजा.

दुसरा उपाय दुधाचा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगत ठेवून त्याची घनता मोजायची काचेची नळी. बिअरवाले हायड्रोमीटर वापरतात, तोही चालतो. पण प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात लॅक्टोमीटर स्वस्तात मिळतो आणि आपल्याला लागणारा पट्टा नेमका त्याच्यावर असतो. लिटरला ८० ग्रॅम साखरेच्या पाण्याची घनता सुमारे १.०३१ येते, म्हणजे लॅक्टोमीटरवर ३१. बाटल्या भरताना त्याच पेयाची एक उघडी बरणी शेजारी ठेवायची, तोंडाला फडकं बांधून. हिला मी साक्षीदार बरणी म्हणतो. तिच्यात जे चाललंय तेच बाटल्यांत चाललंय. आकडा दोनने उतरला की साधारण एक व्हॉल्यूम वायू झाला. ३१ वरून २६ वर आला की अडीच. त्या क्षणी सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पेयातले बुडबुडे मीटरला खालून उचलून धरतात आणि आकडा चुकीचा, जास्त दिसतो. म्हणून नमुना चहा गार करतो तसा दोन भांड्यांत दहा-बारा वेळा वरखाली करा, फेस बसू द्या, मग मोजा. दुसरं, गरम पाणी विरळ असतं. २० अंशांसाठी केलेला मीटर ३२ अंशांच्या पेयात सुमारे तीन अंकांनी कमी दाखवतो. तुम्ही पहिला आकडा फ्रीजमधल्या गार पाण्याने केलेल्या पेयात घेतला आणि दुसरा दुपारच्या कोमट बरणीत, तर काहीही न आंबता आकडा उतरलेला दिसेल. आपल्याला फरक हवा आहे, त्यामुळे दोन्ही वेळा एकाच तापमानाला मोजलं की बाकी दुरुस्त्यांची गरज राहत नाही.

फ्रीज यीस्टला मारत नाही, फक्त त्याचा वेग मंद करतो. फ्रीजमध्येही आठवडाभराने बाटली आणखी कडक झालेली आढळेल. म्हणून मी एका वेळी दोन लिटरच करतो आणि आठ दिवसांत संपवतो. गावी जाताना फ्रीज बंद करणार असाल तर त्याआधी बाटल्या रिकाम्या करा. वीज जाऊन चार तास झाले तर एकदा दाबून पाहा.

आता जुलैची तार. ही तक्रार मला सर्वांत जास्त वेळा येते आणि तिचं मूळ बहुतेकांना वेगळ्याच ठिकाणी वाटतं. तुम्ही लिहिलंय की विरजणाला बुडबुडे आले. लोक बुडबुडे म्हणजे यीस्ट असं धरून चालतात, पण आल्याच्या सालीवर यीस्टबरोबर जिवाणूही असतात आणि पहिल्या दोन दिवसांत बहुधा तेच पुढे असतात. त्यातला ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू वायूही सोडतो आणि आपल्या साध्या साखरेपासून डेक्स्ट्रॅन नावाचा चिकट पदार्थही बनवतो. तीच तुमची तार. साखर कारखान्यांना हा जीव चांगला ओळखीचा आहे. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत जास्त वेळ पडून राहिला की हाच जिवाणू उसात शिरतो, रस चिकट होतो, गाळायला आणि दाणा पाडायला त्रास देतो. ऊस तोडल्यावर लवकर गाळपाला गेला पाहिजे, यामागे साखर उतरण्याबरोबर हेही एक कारण आहे.

हा जिवाणू आंबटपणात फार तग धरत नाही. विरजण पुरेसं आंबट झालं की तो मागे पडतो आणि आंबटपणा सोसणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू व यीस्ट जोर धरतात. तुम्ही दोन दिवसांच्या विरजणाने पेय लावलं, म्हणजे यीस्ट नावापुरतं आणि तार सोडणारा भरपूर. फसफस न येण्याचं कारणही तेच. उपाय असा: विरजणात पहिल्याच दिवशी एका लिंबाचा रस घाला. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पीएच ४.५ च्या खाली असला पाहिजे. याचा फायदा नुसता तारेपुरता नाही. बोट्युलिझम या धोकादायक अन्नविषबाधेचा जीव ४.६ च्या खाली वाढत नाही, म्हणजे सुरक्षिततेसाठीही हीच रेघ आहे. मग किमान चार दिवस विरजणाला खाऊ घाला. तयार विरजणाची खूण बुडबुड्यांपेक्षा नाकाने आणि चमच्याने ओळखा. वास पावासारखा, किंचित झणझणीत, आंबूस. चमच्याने उचलून सोडलं की पाण्यासारखं पडलं पाहिजे. तेलासारखी धार लागली तर निम्मं फेकून ताजं पाणी, आलं, साखर आणि थोडं लिंबू घालून आणखी दोन दिवस चालवा. बहुतेक वेळा सुधारतं. वास चांगला असेल तर विरजण फेकायची घाई करू नका.

एप्रिलच्या फसलेल्या खेपेत मला तीन कारणं दिसतात आणि तिन्ही तुमच्याच पत्रात आहेत. तुम्ही आलं सोलून घेतलंत. यीस्ट सालीवर असतं, गर जवळजवळ कोरा असतो. आलं मातीपुरतं साध्या पाण्याने धुवा आणि सालीसकट किसा. मॉलमधलं चकचकीत, जोराच्या फवाऱ्याने धुतलेलं आलं यासाठी वाईट. वाशीच्या बाजारातून येणारं, थोडी माती अंगावर असलेलं साताऱ्याकडचं आलं मला नेहमी चांगला निकाल देतं. नवं आलं रसाळ पण सौम्य असतं, जुनं तंतुमय आणि तिखट. विरजणाला नवं, पेयाला जुनं, असा माझा शिरस्ता आहे.

दुसरं, तुम्ही आरओचं पाणी वापरलंत. त्यात क्षार जवळपास नसतात, आणि यीस्टला मॅग्नेशियम, जस्त यांची थोडी गरज असते. नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं. ते उकळून पूर्ण गार करून वापरा, क्लोरीन निघून जातो. उकळायचं नसेल तर पसरट पातेल्यात रात्रभर उघडं ठेवा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर मात्र ते आरओच्या पाण्यात निम्मं मिसळा. आरओचंच वापरायचं असेल तर साखरेतली चमचाभर काढून तिथे गूळ घाला, क्षार मिळतात. गूळ काळपट घ्यावा. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा हायड्रोस नावाची गंधकयुक्त पूड टाकून उजळलेला असतो आणि त्यातला उरलेला गंधक यीस्टला दाबतो.

तिसरं, बरणी लोणच्याची होती. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी तेल आणि मीठ कितीही घासलं तरी राहतं. कारखान्यात आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की आधी स्वच्छ, मग निर्जंतुक. चिकटपणावर उकळतं पाणी ओतून काही साधत नाही, त्याखाली जंतू सुखरूप असतात. धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने घासा, खळखळून धुवा आणि त्यानंतर काचेची बरणी आधी कोमट करून मग उकळत्या पाण्याने विसळा. प्लास्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, ती आक्रसते. तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी आंबट पेयाला वर्ज्य. स्टील किंवा काच.

बुरशीबद्दल एक फरक लक्षात ठेवा. वर पांढरी, सपाट, सुरकुतलेली साय आली तर ते हवेवर वाढणारं यीस्ट आहे. चव बिघडवतं पण घातक नाही, काढून टाका आणि दिवसातून दोनदा ढवळत जा. केसाळ, राखाडी, हिरवं, काळं काही दिसलं तर सगळंच फेका. वरचा थर काढून खालचं वाचवायचा मोह नको. आलं पाण्यावर तरंगत राहिलं की बुरशी तिथेच धरते, म्हणून ढवळणं हाच तिच्यावरचा खरा इलाज.

माझं प्रमाण विचारलंत म्हणून देतो. विरजण: २५ ग्रॅम सालीसकट किसलेलं आलं, २५ ग्रॅम साखर, अर्धा लिटर पाणी, एका लिंबाचा रस, चार मनुका. रोज १० ग्रॅम आलं, १० ग्रॅम साखर. तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधायचं, जाळी नको. पावसाळ्यात केळ्यांवरची चिलटं जाळीतून आत जातात आणि त्यांच्या पायांवरून व्हिनेगरचे जिवाणू येतात. पेय व्हिनेगरसारखं होतंय अशी तक्रार असेल तर आधी चिलटं बघा, मग फडकं. पेय: लिटरला ४० ग्रॅम आलं, ८० ग्रॅम साखर, एक मोठं लिंबू. निम्म्या पाण्यात आलं आणि साखर दहा मिनिटं उकळायची, झाकून ठेवायचं, गाळायचं, उरलेलं गार पाणी मिसळायचं. जास्त वेळ उकळू नका. आल्यातला तिखट जिंजेरॉल शिजून शिजून मवाळ होतो. तिखट आवडत असेल तर चिमूटभर सुंठ घाला, वाळताना त्याच जिंजेरॉलचा शोगाओल होतो आणि तो आणखी झोंबतो. पेय ३० अंशांच्या खाली आलं, म्हणजे पातेल्याला हात लावून गरम लागत नाही असं झालं, की लिटरला ५० मिली गाळलेलं विरजण घालायचं आणि बाटल्या भरायच्या. कोमट म्हणून घाई केलेल्या पेयात यीस्ट अर्धमेलं होतं आणि मग लोक म्हणतात, विरजण खराब होतं.

वासांबद्दल थोडक्यात. सडक्या अंड्याचा वास आला तर यीस्ट उपाशी आहे, पुढच्या खेपेत मनुका किंवा गूळ वाढवा. फ्रीजमध्ये दोन दिवसांत तो बराचसा जातोही. नेलपॉलिशसारखा वास आला तर उष्णता आणि हवा दोन्ही जास्त झाल्या. बरणी ओट्यावरून उचला, स्वयंपाकघर हे घरातलं सर्वांत गरम ठिकाण असतं. माझी जागा न्हाणीघराबाहेरचा कोपरा आहे, परातीत दोन बोटं पाणी, त्यात बाटल्या आणि वरून ओलं पंचाचं फडकं. मे महिन्यात तेवढ्याने तीन-चार अंश उतरतात. पावसाळ्यात हवा ओली असल्यामुळे हा उपाय फारसा चालत नाही, तेव्हा नुसतं वारंवार तपासणं.

एक सुचवतो. पुढची पहिली खेप विरजणाशिवाय करा. बेकरीवाले वापरतात ते कोरडं यीस्ट, लिटरला चिमूटभर, पाव ग्रॅमपेक्षा कमी. चव पावाकडे झुकते आणि आल्याच्या विरजणाचा आंबूसपणा येत नाही, मला स्वतःला ती अपुरी वाटते. पण तुम्हाला बाटली कडक होत जाताना ओळखायला शिकायचं आहे, आणि ते शिकताना विरजण चांगलं आहे की नाही ही दुसरी शंका डोक्यात नको. एकदा हात बसला की विरजणाकडे या. इंग्लंडमध्ये जुने लोक जिंजर बिअरसाठी पिढ्यानपिढ्या एक दाणेदार विरजण सांभाळत, त्याला 'जिंजर बिअर प्लांट' म्हणत. मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ते वेगळं करून दाखवलं की त्यात एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. आपलं आल्याचं विरजण म्हणजे ते नव्हे. आपलं दर वेळी नव्याने सालीवरून उभं राहतं, म्हणूनच ते लहरी आहे.

शेवटचा प्रश्न, बिअरचं किट. मागवू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे. घरच्यापुरती केली, विकली नाही, हा बचाव त्यात नाही. माल्ट आणि हॉप्सचं, म्हणजे खऱ्या बिअरचं, काम मला मनापासून आवडतं, आयुष्याची २२ वर्षं त्यात गेली, तरी घरी मी ते करत नाही आणि कोणाला शिकवतही नाही. शिकायचंच असेल तर परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, नोकरी किंवा उमेदवारी करावी.

याच संदर्भात जिंजर बिअरबद्दलही खरं ते सांगायला हवं. नाव बिअर असलं तरी आपण तिला सरबत समजतो, पण आंबवलेल्या कुठल्याही गोड पेयात मद्यार्क होतोच. वर सांगितल्याप्रमाणे पाच अंक उतरल्यावर थांबवलं तर तो साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. तुमची ८० ग्रॅम साखर पूर्ण संपू दिली असती तर पाच टक्क्यांवर गेला असता, म्हणजे बाजारच्या बिअरइतका. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर मद्यार्क असलेलं पेय मद्य धरलं जातं. म्हणून मी स्वतः चार अंकांवरच, दोन व्हॉल्यूमवर फ्रीजमध्ये टाकतो. फसफस थोडी कमी मिळते, मला चालते. काटेकोर मोजता येत नसेल तर आणखी अलीकडे थांबा, आणि हे पेय कोणाला विकू नका. लहान मुलांना, गरोदर बाईला, दारू सोडलेल्या माणसाला किंवा डॉक्टरांनी मद्य वर्ज्य केलेल्या कोणालाही हे देऊ नका. पाहुण्यांना देताना आधी सांगा. मुलांसाठी तेच आलं-लिंबाचं पाणी विरजण न घालता बाजूला काढा आणि वरून बाजारचा सोडा ओता, त्यांना त्यात काही कमी वाटत नाही.

गावी जायचं असेल तेव्हा विरजणाचं काय करायचं, हेही विचारलं होतं. जाण्याच्या दिवशी १० ग्रॅम साखर घाला, झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. दोन आठवडे सहज टिकतं. परत आल्यावर बाहेर काढा, निम्मं ओतून द्या, दोन दिवस आलं-साखर द्या, पुन्हा पावाचा वास यायला लागला की पेय लावा. आणि ओट्याखालच्या फटींत, गॅसच्या नळीमागे, फ्रीजच्या खाली काचेचे कण असतील. झाडूने सगळे निघत नाहीत, कणकेचा ओला गोळा फरशीवर दाबत फिरवा आणि मग तो फेकून द्या.